भात खाचरातील बेडूक व बेडूकमासे : ओळख आणि संवर्धन

भातावरील लष्करी अळीच्या नियंत्रणाची शिफारस आपण वाचली असेल. कापणीनंतर नांगरट करावी, बांध स्वच्छ ठेवावेत अशा सूचनांच्या जोडीला बहुधा एक छोटे वाक्य असते, 'शेतात बेडकांचे संवर्धन करावे.' शेतकरी बंधू ते वाचतात आणि पुढे जातात, कारण बेडूक राखायचा म्हणजे नेमके काय करायचे हे त्यात सांगितलेले नसते. कोंबडी पाळता येते, मधमाश्यांची पेटी ठेवता येते. बेडूक मात्र आपणहून येतो आणि आपणहून जातो, असा सर्वांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बेडूक आपणहून येतो हे बरोबर. पण पुढच्या वर्षी तो किती संख्येने येईल, हे जून ते ऑगस्ट या काळात खाचरातल्या पाण्याचे आपण काय करतो यावर बरेचसे ठरते.

याचे कारण असे की आपण जपतो तो मोठा बेडूक, आणि मारतो ती त्याची पिल्ले. तीही नकळत. बेडकाचे पिल्लू म्हणजे शेपटीवाला, कल्ल्यांनी श्वास घेणारा बेडूकमासा. पुस्तकांतून त्याला भैकेर किंवा टॅडपोल म्हणतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून चार पाय फुटून शेपूट जिरेपर्यंत त्याला पाणी सोडता येत नाही. हा काळ जातीनुसार व पाण्याच्या उबेनुसार साधारण एक महिन्यापासून दोन महिन्यांपर्यंत असतो. आधी मागचे पाय दिसतात, मग पुढचे. शेवटी शेपूट अंगात जिरते आणि श्वास फुप्फुसांनी सुरू होतो. पाणी आटू लागले की अनेक जातींचे बेडूकमासे वाढीची घाई करतात व लवकर जमिनीवर येतात, पण असे बेडूक आकाराने लहान राहतात. पाणी एकाएकी गेले तर घाई करायलाही वेळ मिळत नाही.

हे मला एका चुकीतून कळले. काही वर्षांपूर्वी सुरळीतील अळीचा उपद्रव झालेल्या एका खाचरात मी स्वतः उभे राहून दोर ओढून घेतला आणि पाणी सोडायला लावले. उपाय योग्यच होता, अळी आटोक्यात आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खाचर पाहायला गेलो तर चुडांमधल्या पावलांच्या खळग्यांत शेकडो बेडूकमासे चिकटून मेलेले. मागचे पाय फुटलेले होते. आणखी दोन आठवडे मिळते तर ते बांधावर चढले असते. शेतकऱ्याने विचारले, "साहेब, हे खोडकिड्याचे पतंग खाणारेच ना?" उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

बेडूक काय करतो, काय करीत नाही

बेडूक हलणारे भक्ष्य जिभेने टिपतो. तुडतुडे, नाकतोडे, लष्करी अळी, खोडकिड्याचे पतंग, भुंगेरे, डास, जे तोंडात मावेल ते तो खातो. मोठा पिवळा बेडूक तर खेकडे आणि उंदराची पिल्लेही सोडत नाही. मात्र मित्रकीटक कोणता आणि शत्रू कोणता हे तो पाहत नाही. कोळी व ढालकिडेही त्याच्या पोटात जातात. खोडाच्या आत शिरलेली अळी त्याला मिळत नाही. म्हणून बेडूक आहेत तेव्हा शेताची पाहणी नको, असे कोणी समजू नये. बेडकामुळे किडीची संख्या सावकाश वाढते आणि फवारणीची पाळी उशिरा येते किंवा येतच नाही. एवढा फायदाही लहान नाही, शिवाय तो रोज रात्री फुकट मिळतो.

अंडी व पिल्ले यांवरून ओळख

सगळे बेडूक एकाच प्रकारच्या पाण्यात वाढत नाहीत, हे ध्यानात घेतले की पुढचे उपाय सोपे होतात. मृगाच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर सकाळी खाचराच्या कडेने एक फेरी मारावी. पाण्यात काळे मणी ओवल्यासारखी लांबच लांब चिकट माळ गवताभोवती गुंडाळलेली दिसली तर ती भेकाची, म्हणजे खडबडीत चामखिळी कातडीच्या बेडकाची अंडी. त्याची पिल्ले काळी कुळकुळीत असून घोळक्याने फिरतात. पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक अंड्यांचा एकपदरी पातळ थर पसरलेला दिसला तर तो नखाएवढ्या लहान मुखाच्या इवल्या बेडकाचा. याचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते आणि पाण्याच्या मधल्या थरात तरंगत राहून सूक्ष्म शेवाळ गाळून खाते. हौदाच्या भिंतीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरट फेसाचा गोळा चिकटलेला असेल तर तो साबणाचा फेस समजून धुऊन टाकू नये. ते झाडावरच्या बेडकाचे घरटे आहे. आतली पिल्ले काही दिवसांनी खालच्या पाण्यात टपटप पडतात.

खाचरात सर्वांत जास्त संख्येने असतो तो बोटाच्या दोन पेरांएवढा, पाठीवर बारीक वळ्या असलेला करडा शेतबेडूक. त्याची ठिपकेदार तपकिरी पिल्ले उथळ पाण्यात तळाशी शेवाळ व कुजका पाला खरवडतात. विहिरीत व बारमाही डबक्यात डोळे बाहेर काढून तरंगणारा आणि चाहूल लागताच पाण्यावरून टपाटप उड्या मारीत जाणारा तो पाणबेडूक. त्याला बाराही महिने पाणी लागते.

आणि मग सर्वांचा राजा, मोठा पिवळा बेडूक. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव राना टायग्रिना असे आहे. आता त्याला होप्लोबॅट्रेकस टायगेरिनस म्हणतात. पहिल्या पावसात नर हळदीसारखे पिवळे होतात व ओरडताना गळ्याजवळचे निळे फुगे फुगवतात. त्याचे पिल्लू मात्र शेवाळावर समाधान मानत नाही. ते शिकारी असून इतर बेडूकमासे आणि पाण्यातील किडे खाते. म्हणजे एकाच खाचरात कोणी वरचा थर गाळतो, कोणी तळ खरवडतो, कोणी शिकार करतो. पाण्याची ही वाटणी असल्यामुळेच एवढ्याशा जागेत इतक्या जाती नांदतात.

याच मोठ्या बेडकाच्या तंगड्यांची एके काळी आपल्या देशातून मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. १९८५ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला आणि १९८७ मध्ये भारत सरकारने निर्यात बंद केली. गोव्यात व तळकोकणात पहिल्या पावसात बत्ती घेऊन बेडूक पकडण्याची सवय पूर्ण गेलेली नाही. त्या रात्री सापडणारे बेडूक अंडी घालायलाच बाहेर पडलेले असतात, म्हणून त्या एका रात्रीचे नुकसान वर्षाचे असते.

खाचरातील कामे आणि बेडूकमासे

मृगात अंडी पडतात आणि आर्द्रा-पुनर्वसूत चिखलणी व लावणी होते. म्हणजे पॉवर टिलर फिरतो तेव्हा पाण्यात पिल्ले असतात. पुढे फुटव्यांच्या वेळी खताचा हप्ता, किडीसाठी पाण्याचा निचरा, फवारणी. भाताच्या दृष्टीने प्रत्येक काम आवश्यक आहे आणि ते टाळा असे मी सांगणार नाही. उपाय एवढाच की पिल्लांना माघार घ्यायला जागा ठेवावी.

त्यासाठी खाचराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, पाणी काढण्याच्या तोंडापासून थोडे बाजूला, सुमारे तीन फूट लांब-रुंद आणि एक ते दीड फूट खोल खड्डा घ्यावा. कातळ वर असेल तर जेवढा जाईल तेवढा पुरे. खड्ड्याची एक बाजू उतरती ठेवावी, म्हणजे पाय फुटलेले बेडूक चढून बाहेर येतील. चिखलणीत हा कोपरा सोडावा. पाणी सोडताना तोंड एकदम फोडू नये. संध्याकाळी थोडे उघडून रात्रभर पाणी हळूहळू उतरू द्यावे. पाण्याबरोबर पिल्ले सखल भागाकडे सरकतात. चार चुडांची जागा गेली अशी तक्रार होते, ती खरी आहे. ज्याचे खाचर अगदीच लहान आहे त्याने दोन-तीन खाचरांत मिळून एक खड्डा ठेवला तरी चालेल.

सुरळीतील अळीसाठी दोर ओढताना तो रॉकेलमध्ये बुडवण्याची रीत आहे. रॉकेलचा तवंग खड्ड्यातल्या पाण्यावरही पसरतो आणि श्वासासाठी वर येणाऱ्या पिल्लांना घातक ठरतो. अळ्या पाण्यात पाडून पाणी बाहेर काढायचेच आहे, तेव्हा कोरडा दोर पुरतो. खड्ड्यात वाहून आलेल्या सुरळ्या पाण्यावर तरंगतात. त्या जुन्या सुपाने किंवा जाळीने काढून नष्ट कराव्यात, नाहीतर तिथून अळी परत पसरेल.

युरिया उभ्या पाण्यात फेकल्यावर त्यातून तयार होणारा अमोनिया पिल्लांना जाळतो, शिवाय निम्मे खत वाया जाते ते वेगळेच. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल दाबतात. ती पद्धत खत वाचवण्यासाठी निघाली, पण तिच्यामुळे पाण्यात नत्र फार कमी उतरते व बेडूकमाशांचेही भले होते. जे ब्रिकेट वापरीत नाहीत त्यांनी निदान खड्ड्याच्या आसपास खत फेकू नये.

कीटकनाशकांबाबत थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पिल्लू कल्ल्यांनी व पातळ कातडीने पाणी घेते, म्हणून पाण्यात उतरलेले विष त्याला लगेच भिनते. एंडोसल्फान मासे व बेडूकमासे यांना अतिशय घातक होते. त्यावर २०११ मध्ये बंदी आली. खोडकिड्यासाठी खाचरातल्या पाण्यात टाकले जाणारे फोरेटचे दाणे २०२० च्या अखेरीपासून बंद झाले आहेत. पडवीत जुनी पिशवी शिल्लक असेल तर 'एवढी संपवून टाकू' असे म्हणू नये. बांधावर मारण्याचे तणनाशक पाण्यात उतरू देऊ नये. ग्लायफोसेटच्या काही मिश्रणांतील साबणासारखी द्रव्येही कल्ल्यांना बाधतात. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारणी करू नये. करावी लागलीच तर खड्ड्याभोवतीच्या दोन-तीन ओळी सोडाव्यात, आणि पंप व्हाळात किंवा डबक्यात धुऊ नये.

बांध स्वच्छ ठेवावेत या शिफारशीत आणि बेडूक राखण्यात थोडा विरोध आहे, हे मान्य करायला हवे. मोठे बेडूक दिवसा बांधाच्या गवतात व बिळांत बसतात. माझे मत असे की गवत विळ्याने आखूड कापावे, पण बांध जाळू नये. तासणी करायची तर एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी.

कातळावरचे पाणी

रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या सड्यांवर पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांतून पाणी साठते. ते हंगामी असल्याने त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसणे ही बेडकाच्या पिल्लांसाठी मोठी सोय आहे. काही जाती तर अशाच जागांवर अवलंबून आहेत. आंबोलीच्या कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालणाऱ्या भेकाचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झाले. तो जगात अतिशय धोक्यात असलेल्या प्राण्यांपैकी एक आहे. ओल्या कातळाच्या उभ्या भिंतीवर, पाण्याच्या नुसत्या पापुद्र्यात, लांब शेपटीने उसळ्या घेणारी पिल्लेही आपण पाहिली असतील. ती बेडकाचीच असतात. बेडकाचाच भाऊबंद असलेला, पाय नसलेला देवगांडूळ याच भागातल्या ओल्या मातीत राहतो. त्याची एक जात २००३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथून नोंदवली गेली. साप समजून त्याला कुदळीने मारतात. तो बिनविषारी असून दंश करीत नाही.

कातळ फोडून, माती भरून आंबा-काजूची कलमे लावण्याचे काम सध्या वाढले आहे. कलमे लावू नका असे म्हणणे व्यवहाराला धरून नाही. पण ज्या खोलगट भागात चार महिने पाणी साचते तेथे कलमाची मुळे कुजतात, आणि झाड जगले तरी जोमाने वाढत नाही. तो भाग भरण्यावर खर्च करण्याऐवजी तसाच सोडावा.

शेततळे व विहीर

प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे बेडकांना सापळा ठरते. आत उडी मारता येते, पण गुळगुळीत उतारावर चढता येत नाही. चारही बाजूंना काथ्याचा जाड दोर किंवा जुने गोणपाट पाण्यात बुडेल असे सोडून वरच्या काठाला खुंटीने बांधावे. कठडा नसलेल्या बांधीव विहिरीतही हाच उपाय करावा. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर ते हौदात व वापराच्या टाक्यांत सोडावेत. खाचराचा खड्डा व कातळावरची डबकी यांत सोडू नयेत, कारण मासे बेडकाची अंडी व लहान पिल्ले खातात.

खड्डा रोहिणी नक्षत्रात, जमीन कोरडी असतानाच खणून ठेवावा. पहिल्या वर्षी दर आठ दिवसांनी त्यात डोकावून पाहावे आणि माळ कधी दिसली, पाय कधी फुटले, पहिला लहान बेडूक बांधावर कधी आला, या तारखा वहीत टिपून ठेवाव्यात. पाणी कधी सोडायचे हे पुढच्या वर्षी त्या वहीवरून ठरवता येईल.