श्रद्धांजली राइड : थोडं गणित

पावसाळा लागला की आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये राइडच्या गप्पा सुरू होतात. तारखा दोन. २६ जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस, आणि आम्हा मीरा रोडवाल्यांसाठी ७ ऑगस्ट. २०१८ साली याच दिवशी गुरेझ सेक्टरमध्ये घुसखोरांशी लढताना मेजर कौस्तुभ राणे आणि त्यांचे तीन साथीदार धारातीर्थी पडले. मेजर राणे मीरा रोडच्या शीतल नगरचे, वय २९. माझं घर पूनम सागरला, तिथून काही लांब नाही. त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. पुढे त्यांच्या पत्नी कनिका राणे चेन्नईच्या ओटीएमध्ये प्रशिक्षण घेऊन २०२१ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. अशा माणसासाठी बाइक काढावीशी वाटली तर नवल नाही. पण काढायची कशी?

अमेरिकेत १९८८ पासून 'रोलिंग थंडर' नावाची राइड वॉशिंग्टनला निघायची. व्हिएतनाममधून परत न आलेल्या सैनिकांचा हिशोब सरकारकडे मागायला. ती २०१९ पर्यंत चालली. आपल्या सैन्यानेही कारगिलच्या पंचविसाव्या वर्षी, जून २०२४ मध्ये, दिंजान, द्वारका आणि धनुष्कोडी अशा तीन टोकांवरून बाइक सोडल्या. दिल्लीत भेटून पुढे द्रास. वाटेत माजी सैनिकांना आणि वीरनारींना भेटत गेले. प्रत्येक टीममध्ये रायडर किती? फक्त आठ! आपल्याकडे चाळीस नावं आली की छान, साठ आली की अजून छान, असं चालतं.

आता गणित. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत एक सेकंद धरा, ११ मीटर गेलेच. कोरड्या रस्त्यावर साधारण ५ मी/से² ने वेग कमी होतो असं धरलं तर अजून १२ मीटर. एकूण २३. पावसात ब्रेक निम्माच लागला तर तेच ३६ मीटर. आणि ८० च्या स्पीडला? कोरड्यातच ७२, ओल्यात १२१! वेग दुप्पट झाला की ब्रेकिंगचं अंतर चौपट, हे आपण बारावीत पाठ केलंय, फक्त काशीमिऱ्याच्या पुलाखाली ते कोणाला आठवत नाही. दोन्ही तारखा भर पावसातल्या आहेत, वर खड्डे.

म्हणून रांग नागमोडी ठेवायची. एक बाइक लेनच्या उजव्या बाजूला, पुढची डावीकडे. आपल्याच रेषेतल्या पुढच्या बाइकपासून दोन सेकंद, म्हणजे २२ मीटर, आणि तिरक्या शेजाऱ्यापासून ११. अशा चाळीस बाइकची रांग ४३० मीटर होते. एका जागेवरून ती जायला ३९ सेकंद लागतात, सिग्नल मध्येच पडणार आणि मागचे लाल तोडून पळणार. दहा-दहाचे चार गट केले की एक गट शंभर मीटरचा, नऊ सेकंदात पार. प्रत्येक गटाला पुढे लीडर, शेवटी मार्शल. पोलिसांची परवानगी आधी काढायची. पुण्याच्या वॉर मेमोरियलला जायचं मनात असेल तर एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुना हायवे धरावा लागेल. पहिल्याच वर्षी पावसात घाट मला तरी नको वाटतो.

बुलेटवाल्यांनी रागावू नये, पण सायलेन्सरमधून फटाके काढत कोणाच्या वीरपत्नीच्या दारावरून जाणं मला कसंतरीच वाटतं. स्टॉक सायलेन्सर लावा, हॉर्न नको. पिलियनलाही हेल्मेट हवंच.

परदेशातल्या काही राइडमध्ये पहिल्या ओळीत लीडरच्या बाजूला एका बाइकची जागा मोकळी ठेवतात. जो आला नाही त्याची ती जागा. आपणही ठेवू. पुढे जायच्या घाईत कोणी त्या जागेत शिरलाच, तर मार्शलने त्याला हाताने खूण करून मागे घ्यावं.