रक्त : वस्तू की सेवा?

रुग्णाला दिलेल्या रक्तापासून अपाय झाला, तर उत्तरदायी कोण? १९५४ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ठरविले, की रुग्णालय रक्त विकीत नाही. उपचाराचा भाग म्हणून ते देते. त्यामुळे सदोष मालाच्या विक्रीचा नियम त्यास लागत नाही. निष्काळजीपणाच सिद्ध करावा लागतो.

आपल्याकडे या निष्काळजीपणाचे माप पुण्यातील एका खटल्याने घालून दिले. मांडीचे हाड मोडलेला एक तरुण उपचारांच्या वेळी दगावला होता. रुग्ण स्वीकारावा की नाही, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टर वाजवी दक्षतेस बांधलेला असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सांगितले. १९९५ साली त्याच न्यायालयाने मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली; २००९ साली भिन्न गटाचे रक्त दिल्याबद्दल चंदीगढच्या एका संस्थेस जबाबदार धरले.

बाटलीतील रक्त रुग्ण पारखू शकत नाही. म्हणूनच ते पारखण्याचा भार देणाऱ्यावर असणे न्याय्य होय.