म्हाताऱ्या माणसाची जखम

बोरीच्या कुंपणातून आजोबा आणि नातू दोघे निघाले. दोघांनाही सारखेच ओरखडले. नातवाची खपली आठ दिवसांत पडली. आजोबांची जखम महिना होत आला तरी भरेना. काटा तोच. मग असे का?

काटा तोच, पण कातडी तीच नाही. आपल्या कातडीचा वरचा थर सारखा झडतो आणि खालून नवा येतो. तरुणपणी याला सुमारे 28 दिवस लागतात. म्हातारपणी पुष्कळ जास्त लागतात. गोधडीला जसे टाके, तसे कातडीच्या आत बळकट धागे असतात. वय वाढते तसे ते कमी होतात. खालची चरबीची गादीही पातळ होते. मग खाटेची कड नुसती लागली तरी काळानिळा डाग उठतो.

जखम झाली की आधी रक्त गोठते. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी घाण साफ करतात. मग नवे मांस भरते. म्हातारपणीही हे सगळे होते, पण सावकाश. तेव्हा "आता वय झालं, कशाला दवाखाना?" हे बोलणे खोटे आहे.

म्हाताऱ्या पायाला दुखणे कमी कळते. मधुमेह असला तर फारच कमी. वहाणेत खडा राहतो, पत्ता लागत नाही. जखम आतून चिघळते. कधी पाय कापायची वेळ येते. म्हणून रोज रात्री सुनेने, नातवाने, कुणीही, म्हाताऱ्यांचे तळपाय उजेडात बघावेत. त्यात लाजायचे काय?

जखमेवर शेण, राख, चुना, तंबाखू लावू नये. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. स्वच्छ पाण्याने धुवावे, स्वच्छ फडके बांधावे. चिकटपट्टी थेट कातडीवर लावू नये. काढताना पातळ कातडीच निघून येते. "उघडी ठेवा, वाळू द्या," असे लोक म्हणतात. पण झाकलेली जखम लवकर भरते.

मांस भरायला डाळ, दूध, अंडे लागते. आवळा, पेरूही चांगला. आजी मात्र आपल्या ताटातली डाळ पोरांना वाढते!

शेतात, गोठ्यात लागले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या लशीचे विचारावे. जखमेला वास आला, भोवती लाली पसरली, ताप आला, तर थांबू नये. मधुमेह असेल तर पायाची लहान जखमही लगेच दाखवावी. इतरांची जखम दोन आठवड्यांत भरू लागली नाही, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.