पिटॉनच्या पायथ्याशी नांगर टाकावा का?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही मित्र सेंट लुशियात शिडाची नौका भाड्याने घेत आहोत. पिटॉन शिखरांखाली रात्री नांगर टाकता येईल का?

उत्तर : नाही, आणि ते योग्यच आहे. हे ज्वालामुखीचे उतार पाण्याखालीही तसेच ताठ उतरतात. किनाऱ्यापासून थोडे हटलात की साखळी पुरत नाही. शिवाय सुफ्रिएरच्या सागरी संरक्षित क्षेत्रात प्रवाळ वाचवण्यासाठी नांगराला मनाई आहे. शुल्क भरून तिथल्या बोयालाच दोर बांधा. बोयाचा दोर झिजलेला नाही ना, हे पाण्यात उतरून स्वतः पाहा. उजेडातच पोहोचा, डोंगरावरून वाऱ्याचे झोत अचानक खाली येतात.

नांगरच टाकायचा असेल तर उत्तरेच्या रॉडनी बेमध्ये वाळूचा तळ मिळतो. पाणी 5 मीटर आणि नाळेची उंची 1 मीटर असेल, तर साखळी पाचपट, म्हणजे 30 मीटर सोडा. वारा वाढणार असेल तर सातपट. मग इंजिन उलटे चालवा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवून नांगर रुतला का ते तपासा. खुणा सरकल्या तर आळस न करता नांगर उचलून पुन्हा टाका.