सूर्य, चुंबकीय वादळे आणि हौशी रेडिओच्या खालच्या लहरी

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक जुना रेडिओ आहे. आजोबा मूळचे धारवाडकडचे. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा त्यांना सारख्याच जवळच्या. चिक्कडपल्लीच्या घरात ते रात्री मध्यमलहरींवर धारवाड केंद्र लावून बसत. दिवसा त्याच जागी काटा ठेवला तर खरखरीपलीकडे काही हाती लागत नसे. सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरांवरचे धारवाड रात्री जवळ आणि दिवसा दूर का जाते, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडलेला होता. उत्तर शोधता शोधता मी हौशी रेडिओच्या, म्हणजे 'हॅम'च्या नादी लागले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा उपद्व्याप कशाला, असे वाचकांना वाटेल. पण हाही एक जमाखर्चच आहे, हे पुढे ध्यानात येईल.

आकाशातील दलाल

जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटरांवर आयनांबर सुरू होते. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे तेथील वायूंच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या आयनांबराचे थर आहेत. ६० ते ९० किलोमीटरांमधला तो 'डी' थर, त्यावर 'ई', आणि अडीचशे-तीनशे किलोमीटरांच्या आसपास 'एफ' थर. रेडिओलहरींना परत पृथ्वीकडे वळविण्याचे मुख्य काम 'एफ' थर करतो. 'डी' थर मात्र लहरींची शक्ती शोषून घेतो. लहर वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, अशी तो दुहेरी दलाली कापतो.

ही दलाली सर्वांना सारखी नसते. डेसिबेलमध्ये मोजले तर शोषण साधारणतः कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा ३.५ मेगाहर्ट्झच्या लहरीला चौपट, आणि १.८ मेगाहर्ट्झच्या लहरीला जवळजवळ पंधरापट कपात सोसावी लागते. या तीन पट्ट्यांना हौशी मंडळी तरंगलांबीवरून ४०, ८० आणि १६० मीटर म्हणतात. सूर्य मावळला की 'डी' थरातील इलेक्ट्रॉन थोड्याच वेळात पुन्हा कणांशी जुळतात आणि दलालाचे दुकान बंद होते. आजोबांचे धारवाड रात्री येई ते यामुळे.

सूर्याचा राग दोन हप्त्यांत

गेल्या वर्षी एका दुपारी मी गच्चीवर ४० मीटरचा पट्टा ऐकत होते. चालू संभाषण एकाएकी विरत गेले आणि सगळे शांत झाले. पाण्याच्या टाकीपासून ताणलेली तांब्याची तार मी दोनदा तपासली, संचाच्या पेट्या बदलल्या. शेवटी आमच्या गल्लीतल्या परवानाधारक काकांकडे धावले.
"काका, तार तुटली वाटतं."
ते हसून म्हणाले, "तार नाही गं तुटली. सूर्यावर स्फोट झाला असेल. तासभर थांब."
पाऊण तासाने आवाज हळूहळू परतले.

असे का होते? सौरज्वालेचे क्ष-किरण सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत पृथ्वीवर पोहोचतात आणि दिवसाच्या बाजूचा 'डी' थर एकदम दाट करतात. खालच्या कंप्रतांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो आणि त्या सावरतातही सर्वांत उशिरा. रात्रीच्या बाजूला या किरणांचा त्रास नाही.

दुसरा हप्ता मागाहून येतो. स्फोटाबरोबर सूर्याने भारित कणांचा लोट फेकला आणि तो आपल्या दिशेने आला, तर बहुधा एक ते तीन दिवसांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धडकतो. हे चुंबकीय वादळ. त्यात 'एफ' थर विस्कटतो आणि ध्रुवांजवळच्या प्रदेशात शोषण फार वाढते. हैदराबादहून अमेरिकेकडे जाणारा जवळचा मार्ग ध्रुवप्रदेशावरून जातो, म्हणून १६० व ८० मीटरवरची ती वाट अशा वेळी बुजते. उलट आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ राहतो. त्यामुळे नागपूर किंवा श्रीलंकेशी होणारे संभाषण त्या मानाने सुरक्षित राहते.

कुलाब्याची नोंदवही

या विषयातील एक मोलाची नोंद मुंबईची आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर ज्वाला पाहिली. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आले आणि कुलाब्याला क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेण्यास सुरुवात झाली. ट्रामच्या विजेने चुंबकसूचीची नोंद बिघडली असती! अलिबागची वेधशाळा आजही हे काम करते.

अलीकडचे उदाहरण १० मे २०२४ चे. त्या दिवशी 'केपी' निर्देशांक ९ या कमाल अंकावर गेला आणि लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी तांबडा ध्रुवप्रकाश टिपला. हा निर्देशांक दर तीन तासांचा असतो; ५ किंवा अधिक म्हणजे वादळ समजावे.

अकरा वर्षांचा ताळेबंद

सौरडागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. सध्याचे २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. डाग पुष्कळ असले की १० मीटरसारखे वरचे पट्टे बहरतात. डाग कमी आणि चुंबकीय क्षेत्र शांत असले की १६० आणि ८० मीटरवाल्यांची दिवाळी. मात्र तेव्हा 'एफ' थरही विरळ असतो. रात्री ७ मेगाहर्ट्झची लहर जवळच्या गावावर न उतरता डोक्यावरून निघून जाते. दोन-तीनशे किलोमीटरांवरच्या माणसाशी बोलायचे तर ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते.

हा केवळ छंदाचा प्रश्न नाही. आपल्याच शहरात १९८३ साली राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था स्थापन झाली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत दूरध्वनी बंद पडले, तेव्हा या संस्थेच्या भारती प्रसाद यांनी अंदमानातून हौशी रेडिओवर निरोप पोहोचविले. अशा रात्री संच शांत झाला तर दोष तारेचा, पट्ट्याचा की सूर्याचा, हे चटकन ओळखता आले पाहिजे. नाहीतर चांगली तार उतरविण्यातच मोलाचा तास जाईल. मी त्या दुपारी तेच केले होते. तेव्हा कोणाचा जीव अडलेला नव्हता एवढेच.

आता संच लावण्यापूर्वी मी 'केपी'चा आकडा वहीत लिहिते आणि शेजारी काय ऐकू आले ते मांडते. वही अजून लहान आहे. तिच्या पहिल्या पानावर मात्र एक जुनी नोंद केली आहे: धारवाड, रात्री, स्पष्ट.