संकटकाळात नवमातेच्या चिंतेचे मापन

बाळंतिणीच्या घरी गेलेली आरोग्यसेविका अंगातला ताप पाहते, रक्तस्रावाची चौकशी करते, बाळाचे वजन करते. या सर्वांची मापे ठरलेली आहेत. परंतु "जिवाला घोर लागला आहे" हे कशाने मोजावे, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच, आणि तोही संकटकाळापुरता विचार करावयाचा आहे. कारण नेहमीचे माप नेमके अशाच वेळी फसते.

जगभर सर्वाधिक वापरली जाते ती एडिनबर्गची प्रसूतिपश्चात नैराश्य मापनी. कॉक्स, होल्डन व सागोव्हस्की यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. मागील सात दिवसांविषयी दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण गुण ३०. ही मापनी मुख्यतः नैराश्याची असली तरी तिच्यातील तिसरा, चौथा व पाचवा हे प्रश्न चिंतेचा अंदाज घेण्यासाठी वेगळे काढून वापरतात. त्यांपैकी चौथा प्रश्न काळजीविषयी व पाचवा भीतीविषयी आहे, आणि दोहोंचा रोख "विनाकारण" या शब्दावर आहे.

आता हा शब्द घेऊन उत्तनला जाऊ. दिनांक १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यासमोरून गेले. समजा, त्या आठवड्यात पालीच्या किंवा चौकच्या एखाद्या ओल्या बाळंतिणीला आपण विचारले, "ताई, विनाकारण भीती वाटली का?" नवरा होडीवर, घरावरचे पत्रे हलताहेत, बाळ पंधरा दिवसांचे. ती म्हणेल, "विनाकारण कशी वाटेल?" आणि आपण कागदावर शून्य लिहू. शेजारची दुसरी बाळंतीण त्या शब्दाकडे लक्ष न देता "हो, फार वाटली" म्हणेल; तिला तीन गुण मिळतील. भीती दोघींची सारखीच, पण मदत एकीलाच मिळेल. दोष पहिलीचा नाही, प्रश्नाचा आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हाही हीच अडचण होती. रोगाची धास्ती विनाकारण आहे असे कोणती आई म्हणणार?

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठातील व्हिक्टोरिया फॅलन व सहकाऱ्यांनी २०१६ साली नवमातांच्या खास चिंतांसाठी ५१ प्रश्नांची वेगळी मापनी प्रसिद्ध केली होती. कोविडच्या काळात तिचेच १२ प्रश्नांचे संक्षिप्त रूप, मुद्दाम जागतिक संकटकाळासाठी म्हणून, तयार करण्यात आले. आई म्हणून मला जमेल का, बाळ सुरक्षित राहील का, दूध-झोप-अंघोळ कशी सांभाळू, आणि बाळंतपणानंतर माझे स्वतःचे व घरातील नात्यांचे काय, अशा चार अंगांनी हे प्रश्न जातात. "किती वेळा?" एवढेच विचारायचे, कारण होते की नव्हते याचा निवाडा आईवर टाकायचा नाही. माझ्या मते खरा फरक इथे आहे. प्रश्नांची संख्या घटली ही सोय झाली, एवढेच.

भाषांतराच्या बाबतीत गोव्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोकणीतील एडिनबर्ग मापनी वापरली. मूळ ब्रिटिश मापनीत १३ व त्यापुढील गुण धोक्याचे मानले गेले होते, तर गोव्यात ही रेषा १२ वर धरली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणजे शब्द बदलले की रेषाही पुन्हा तपासावी लागते. "चिंता" हा पुस्तकी शब्द. उत्तनच्या बाईला "धास्ती वाटते का, छातीत धडधडते का" हे लवकर कळते. पण असे बोलीतील प्रश्नही आधी थोड्या मातांवर पडताळून पाहिल्याशिवाय त्यांच्या गुणांची तुलना इतरांशी करू नये.

बाळंतिणीची झोप मोडतेच, म्हणून "झोप लागते का" या प्रश्नाला अर्थ नाही. "बाळ झोपल्यावर तरी डोळा लागतो का?" असे विचारावे. भीतीला कारण असूनही जी आई बाळ शांत झोपलेले असताना जागीच राहते, श्वास चालू आहे ना हे पुनःपुन्हा पाहते, जेवत नाही, तिला मदतीची गरज आहे.

टाळेबंदीत चौकशी फोनवर करावी लागत असे. एका खोलीचे घर, सासूबाई शेजारी, उत्तर ठरलेले, "बरं आहे." अशा वेळी प्रश्न आपण वाचावा आणि तिने फक्त शून्य, एक, दोन, तीन एवढेच म्हणावे. ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

एडिनबर्गचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे एक गुण जरी पडला तरी बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे व आईला एकटे सोडू नये. टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. अन्य बाबतीत गुण जास्त आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारावे. वादळ ओसरल्यावर पुष्कळशी भीती आपोआप उतरते.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून पुढे आलेल्या घरपोच नवजात बालसेवेत रुग्णालयात बाळंत झालेल्या मातेच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जातात. त्यांपैकी १४ व्या आणि ४२ व्या दिवशी बाळाचे वजन झाल्यावर हे बारा प्रश्न विचारण्यास दहा मिनिटे पुरावीत.