नकाशात न दिसणारा चढ

परक्या शहराविषयी प्रवाशाचे मत बहुधा तेथे पाऊल ठेवण्यापूर्वीच तयार झालेले असते. नकाशे, छायाचित्रे आणि आधी पाहिलेल्या शहरांच्या आठवणी यांतून ते जुळून येते, आणि पहिल्या दोन दिवसांत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या पूर्वग्रहातच सापडते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे याचे बोलके उदाहरण आहे, कारण गोवा आणि कोकण जवळून पाहिलेल्या मराठी प्रवाशाला हे शहर ओळखीचे भासते आणि ती ओळखच त्याला गाफील ठेवते. पुढील विवेचन प्रस्तुत लेखकाने बॅकपॅकिंगच्या पद्धतीने, म्हणजे पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन, स्वस्त सामायिक निवासात उतरून आणि शक्य तितके पायी हिंडून केलेल्या लिस्बनच्या पहिल्या भेटीवर आधारलेले आहे. त्या भेटीत झालेल्या चुका इतरांना टाळता याव्यात, एवढाच त्याचा हेतू आहे.

लेखकाची पहिली आणि सर्वांत महागात पडलेली चूक मुक्कामाची जागा निवडताना झाली. मेट्रो स्थानकापासून नकाशावर जेमतेम ८०० मीटर दिसणारे, अल्फामा या जुन्या वस्तीतील एक निवासस्थान त्याने ठरवले. प्रत्यक्षात त्या अंतराचा बराचसा भाग पायऱ्यांचा निघाला, निवासस्थान लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होते, आणि १४ किलोंचे ओझे घेऊन तेथवर पोचताना गुडघ्याने अशी काही तक्रार सुरू केली की पुढचे दोन दिवस खोलीतच काढावे लागले. लिस्बन हे सात टेकड्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे आणि अल्फामा त्यांपैकी किल्ल्याच्या टेकडीच्या उतारावर, नदीच्या दिशेने पसरलेले आहे. या वस्तीचे नाव गरम पाण्याचे झरे किंवा स्नानगृहे या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले असून, ११४७ साली शहर ख्रिस्ती राजाच्या हाती जाण्यापूर्वीच्या मुस्लिम राजवटीतील नागमोडी गल्ल्यांची ठेवण तेथे आजही जाणवते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेला भूकंप, त्यामागून आलेली त्सुनामी आणि कित्येक दिवस धुमसत राहिलेली आग यांत टेकड्यांमधला बाइशा हा सखल भाग उद्ध्वस्त झाला. पुढे मार्किश द पोंबाल या किताबाने ओळखल्या गेलेल्या मंत्र्याच्या देखरेखीखाली तो काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांवर नव्याने उभारला गेला, तर अल्फामाची जुनी रचना बऱ्याच अंशी टिकून राहिली. त्यामुळे बाइशात नकाशावरून काढलेला वेळेचा अंदाज बरोबर येतो, आणि तेथून दहा मिनिटांवर असलेल्या अल्फामात तोच अंदाज साफ चुकतो.

यावरचा उपाय सोपा आहे, कारण लिस्बनचे पत्ते चढउतार स्वतःच सांगतात. पत्त्यात ‘इश्कादिन्याश’ हा शब्द असेल तर पायऱ्या, ‘काल्सादा’ असेल तर बहुधा चढाचा फरसबंद रस्ता आणि ‘बेकु’ असेल तर अरुंद, अनेकदा पुढे बंद होणारी गल्ली समजावी. पहिल्या मुक्कामासाठी बाइशातील किंवा मेट्रो स्थानकालगतची सपाट जागा निवडावी, इमारतीला लिफ्ट आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे आणि ओझे आठ-नऊ किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये. किल्ल्याकडे जाताना बाइशातील फांकेइरुश रस्त्यावरच्या एका इमारतीत असलेली विनाशुल्क सार्वजनिक लिफ्ट पहिला चढ वाचवते. उतारावर दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या जुन्या केबल-ट्रामवर मात्र बेत आखू नये. ३ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांपैकी ग्लोरिया मार्गावरचा डबा घसरून १६ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा कोणता मार्ग सुरू आहे याची चौकशी आधी करणेच शहाणपणाचे.

चढाइतकाच दगडही महत्त्वाचा आहे. चुनखडीचे पांढरे आणि काळ्या पाषाणाचे लहान चौकोनी तुकडे हाताने बसवून केलेली पोर्तुगीज फरसबंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या शहराची खूण बनली असून, रोसियो चौकातील लाटांची नक्षी हा तिचा सर्वांत गाजलेला नमुना होय. लाखो पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला हा दगड कोरडा असतानाही निसरडा लागतो आणि ओला झाला की काचेसारखा वागतो. पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, हे मराठी माणसाच्या मनात इतके रुजलेले असते की नोव्हेंबर हा कोरडा महिना समजून लेखक सपाट तळव्याचे कापडी बूट घालून गेला. लिस्बनचा पावसाळा मात्र मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या थंड महिन्यांत असतो, आणि पहिल्याच सरीनंतर एका उतारावर लेखक ओझ्यासकट पाठीवर आपटला. खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट ही येथे गरजेची वस्तू आहे.

तिसरा गैरसमज समुद्राचा. पूर्वीच्या राजवाड्याच्या जागी उभारलेल्या प्रासा दु कोमेर्सियु या विस्तीर्ण चौकाच्या काठाशी जे अथांग पाणी दिसते, ते तेजू नदीचे, म्हणजे इंग्रजी नकाशांतील टेगसचे असून, कोकणात ज्याला खाडी म्हणतात तेच त्याचे स्वरूप आहे. त्याच्या रुंद भागाला स्थानिक लोक ‘मार दा पाल्या’, म्हणजे पेंढ्याचा समुद्र, म्हणतात. खरा समुद्रकिनारा गाठण्यासाठी काइश दु सुद्रे स्थानकातून कश्काइशची लोकल पकडावी लागते. तेथे पोचल्यावरही अटलांटिकचे पाणी भर उन्हाळ्यात १८ ते २० अंशांच्या आसपासच असते, आणि लाटांची ओढ कोकणातील कोमट पाण्याला सरावलेल्या पोहणाऱ्याला चकवते. किनाऱ्यावरील लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरण्यास मनाई आणि पिवळे म्हणजे पोहण्यास मनाई, हे लक्षात ठेवावे.

भाषेची ओळखही अशीच अर्धी असते. पाव, चावी, बटाटा हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडूनच आले असल्याने पाट्या आणि खाद्यपदार्थांच्या याद्या वाचताना प्रवाशाला उगाच धीर येतो. परंतु युरोपीय पोर्तुगीजमध्ये आघात नसलेले स्वर बोलताना गिळले जातात, त्यामुळे वाचलेला शब्द कानाला ओळखू येत नाही. निवासाची ‘चावी’ मागताना तिला तेथे ‘शाव’ म्हणावे लागते, हे लेखकाला तीनदा विचारल्यानंतर उमगले. शब्दांचे हे नाते सांगणारा पाव जेवणाच्या टेबलावर मात्र वेगळाच धडा देतो: बसताच समोर येणारी पाव, ऑलिव्ह आणि चीज यांची ताटली, जिला ‘कुव्हेर’ म्हणतात, ती आतिथ्याचा भाग नसून तिचे वेगळे पैसे लागतात. न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या पदार्थाचे पैसे आकारण्यास तेथील कायदा मनाई करतो. म्हणून नको असेल तर ती ताटली तशीच ठेवावी किंवा परत पाठवावी. लेखकाने ती फस्त केली होती, त्यामुळे बिलावर तक्रारीला जागा उरली नाही.

किरकोळ सूचना थोडक्यात सांगता येतील. किल्ल्याच्या बाजूने वळसे घेत जाणारी २८ क्रमांकाची ट्राम गर्दीमुळे खिसेकापूंची आवडती आहे. तिच्यात पाठपिशवी छातीशी घ्यावी आणि शक्य तर सकाळी लवकर बसावे. मेट्रो व बसचे पुन्हा भरता येणारे कार्ड प्रत्येक प्रवाशासाठी स्वतंत्र लागते. बाइशातील रस्त्यांवर कुजबुजत अमली पदार्थ देऊ करणारे लोक बहुधा भलताच पाला विकतात; त्यांच्याशी बोलणेच टाळावे. शहराच्या मध्यभागापासून पश्चिमेस सुमारे सहा किलोमीटरवर असलेल्या बेलेंमध्ये जेरोनिमुश मठ आणि त्यातील वास्को द गामाची समाधी आहे, परंतु हा मठ सोमवारी बंद असतो. लेखक नेमका सोमवारी तेथे गेला.

या सर्व चुकांतून एकच पद्धत सुचवावीशी वाटते. पहिल्या दिवशी सामान निवासावर ठेवून, ट्रामने किंवा दमाने पायी, सेन्योरा दु मोंत या उंचावरील ‘मिरादोरु’वर, म्हणजे शहर न्याहाळण्यासाठी राखलेल्या सज्जावजा मोकळ्या जागेवर जावे. तेथून किल्ला, बाइशाची सरळ छपरे, खाडी आणि पलीकडचा पूल एका नजरेत दिसतात. हातातला नकाशा त्या दृश्याशी ताडून पाहावा, पुढच्या दिवसांच्या वाटांवर चढ कोठे आहेत त्या जागी पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि मगच खाली उतरू लागावे.